काळूची वाळू आणि पाच एचपीचा पंप

"मिस्त्री, पाचात दम नाही राहिला. साडेसात द्या."

डिसेंबर २०२४. गिऱ्हाईक मुरबाड तालुक्यातलं, काळू नदीच्या काठचं. बगलेत गोणपाटाचं गाठोडं. माझं कल्याणला पंप-मोटार दुरुस्तीचं दुकान आहे, आणि शेतकरी असं गाठोडं घेऊन आला की आत काय असणार ते न उघडताही कळतं. निघाला इम्पेलरच, पंपाच्या आत फिरून पाणी फेकणारं पात्यांचं चाक. दोन हंगामांतला तिसरा.

दुकानातला पोऱ्या म्हणाला, "हा पॉलिश करून आणलाय काय?" खरंच तसा दिसत होता. नवा बिडाचा इम्पेलर खरबरीत असतो, ओतकामाची वाळू त्याच्या अंगावर अजून जाणवते. हा काचेसारखा गुळगुळीत होता. पात्यांची बाहेरची टोकं विळ्यासारखी पातळ, एका ठिकाणी तर आरपार उजेड. पण पात्यांच्या आतल्या तोंडाशी, जिथून पाणी शिरतं तिथे, अंगठा फिरवला तर मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं लागली.

ही दोन वेगळी दुखणी. वाळू घासते ती गुळगुळीत करून, लाटा-लाटांनी. भोकं पाडते ती पोकळी. सक्शनला, म्हणजे पंपाच्या ओढायच्या बाजूला, पाणी पुरेसं आलं नाही की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ते पात्यावर फुटतात. एकाच इम्पेलरवर दोन्ही खुणा म्हणजे नदीत काहीतरी घोळ होता. मोटार मोठी करून तो सुटणारा नव्हता. मोठा पंप म्हणजे मोठं तोंड, तो वाळूही जास्त खाणार. त्या शेतकरी दादांना म्हटलं, साडेसातचं नंतर बघू, आधी जागा दाखवा.

दादांची जमीन भावाची धरून पाच एकर. भेंडी, काकडी, थोडा मोगरा. माल वाशीच्या मार्केटला जातो. पाणी काळूतून. शेजारच्या उल्हासला भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी उन्हाळ्यातही मिळतं. काळूला तसं पाठबळ नाही. माळशेजच्या डोंगरात उगम, पावसाळ्यात धिंगाणा, आणि फेब्रुवारीनंतर एका कोंडीतून, म्हणजे डोहातून, दुसऱ्या कोंडीत जेमतेम सरकणारं पाणी. दादांचा सक्शन पाइप अशाच एका कोंडीत.

आधी पंप तपासला. नवा इम्पेलर आणि नवी वेअर रिंग, म्हणजे इम्पेलर आणि पंपाचं कवच (केसिंग) यांच्यातली कडी, मी सोबत नेली होती, पण ती घालण्याआधी जुन्यावरच मोजमाप केलं. २०० लिटरचा ड्रम शेतातल्या मेन पाइपवर भरायला ४१ सेकंद. नवा इम्पेलर घातल्यावर त्याच जागी, तेवढ्याच चढावर २५ सेकंद. म्हणजे सेकंदाला ८ लिटर देणारा पंप ५ लिटरच्या खाली आला होता. आता गंमत बघा, क्लॅम्पमीटरवर दोन्ही वेळा करंट जवळपास सारखाच. झिजलेल्या रिंगच्या फटीतून पाणी केसिंगमधल्या केसिंगमध्ये गोल फिरतं. मोटार राबते, पण ते राबणं पाइपात जात नाही. ही फट मोजली तर एका बाजूला दीड मिलिमीटर. नव्या रिंगला एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास असते.

पूर्वी हे बिलावरून तरी लक्षात यायचं. चार तासांचं पाणी साडेसहा तासांत द्यायला लागलं की शेतकरी बिल बघून चरफडायचा. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं. चांगलंच आहे, पण झीज दाखवणारा एक आरसा गेला. दादांना जाणवलं ते फक्त भेंडीच्या शेवटच्या ओळी सुकायला लागल्यावर.

मग वाळू मोजली. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. डिलिव्हरीच्या, म्हणजे पंपातून बाहेर पडणाऱ्या, पाण्याच्या वीस लिटरच्या पाच बादल्या भरल्या, दहा मिनिटं ठेवल्या, वरचं पाणी अलगद ओतलं आणि पाचही बादल्यांचा तळ वहिनींच्या जुन्या तव्यावर वाळवला. वहिनी म्हणाल्या, "भाकरी नको आता याच्यावर." दुकानाच्या छोट्या काट्यावर वजन भरलं १५ ग्रॅम. शंभर लिटरला १५, म्हणजे घनमीटरला १५० ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पंप चार तास चालला तर ११५ घनमीटर पाणी उचलतो. गुणाकार करा: रोज १७ किलो वाळू. तीन दिवसांत सिमेंटच्या गोणीएवढी वाळू त्या तळहाताएवढ्या इम्पेलरमधून जात होती. आणि हे पंप स्थिर चालताना. सुरू केल्यावरचं पहिलं मिनिट वेगळंच: पाणी चहासारखं, एका बादलीच्या तळाशी मूठभर. दादा ठिबकचे चार भाग करून दर भागाला पंप बंद-चालू करायचे, म्हणजे हे पहिलं मिनिट दिवसातून चारदा.

वाळूही साधी नाही. आपल्या नद्यांची वाळू सह्याद्रीच्या काळ्या दगडाची. फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्या तव्यावर फिरवलं तर त्याला काळ्या कणांची दाढी आली. हे लोखंडी कण, दगडातले बाकीचे स्फटिक आणि मधूनच चमकणारी गारगोटी, सगळेच साध्या बिडापेक्षा कठीण. पाच एचपीच्या या मोनोब्लॉकचा, म्हणजे एकाच शाफ्टवरच्या मोटार-पंपाचा, इम्पेलर १६० मिलिमीटरचा, फेरे मिनिटाला २९०० च्या आसपास. कडेचा वेग सेकंदाला २४ मीटर, ताशी ८५ किलोमीटरच्या वर. मुरबाड रस्त्यावर एवढ्या वेगाने कुणाला जाता येत नाही. आणि झीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वेग दुप्पट झाला तर ती पाच-सहा ते आठ पट होते. म्हणून सक्शन पाइपला काही होत नाही, इम्पेलर मात्र मरतो. अशा मोनोब्लॉकसाठी जे भारतीय मानक आहे, आयएस ९०७९, त्याच्या नावातच 'स्वच्छ, थंड पाण्यासाठी' असं आहे. पंप बनवणाऱ्याने कधी वाळू पचवायचं कबूल केलेलं नाही.

सायक्लोन असूनही

इथे दादा थोडे तापले. "पण मी फिल्टर बसवलाय ना! वाळूचाच फिल्टर." खरं होतं. 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून ठिबक घेतलं तेव्हा विक्रेत्याने हायड्रोसायक्लोन गळ्यात मारला होता आणि सांगितलं होतं, आता वाळूची चिंता सोडा.

हायड्रोसायक्लोन वाईट नाही. नरसाळ्यासारख्या भांड्यात पाणी गरगरतं, जड वाळू कडेला फेकली जाऊन खालच्या डब्यात बसते. पण तो बसतो कुठे? पंपाच्या पुढे. वाळू त्याच्याकडे पोचते ती इम्पेलर, रिंग, शाफ्टवर चढवलेली नळी (स्लीव्ह) हे सगळं घासून झाल्यावर. तो ठिबकच्या नळ्या वाचवतो, पंप नाही. हा फरक विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. माझ्याकडे वर्षाला येणाऱ्या गाठोड्यांपैकी बरीच याच गैरसमजाची.

दुसरी गोष्ट त्याहून वाकडी. सायक्लोनची ताकद पाण्याच्या वेगात. ८ लिटरला तो नीट फिरतो, ५ लिटरला आळसावतो. म्हणजे वाळूने पंप झिजवला की पाणी कमी, पाणी कमी झालं की सायक्लोन ढिला, आणि सायक्लोनला चुकवलेली वाळू पुढच्या जाळीच्या फिल्टरवर. गेले दोन महिने तो फिल्टर रोज धुवावा लागतोय ही दादांची वेगळी तक्रार होती. तक्रार वेगळी नव्हतीच.

ग्लँडचं, म्हणजे शाफ्टभोवती दोरी भरून पाणी अडवतात त्या जागेचं, तेच. शाफ्टशी पाणी जास्त गळतंय म्हणून दादा ग्लँड आवळत गेले. दोरीत वाळू रुतलेली, ती आवळली की पॉलिश पेपरचं काम करते. स्लीव्हवर दोरीच्या जाडीचे खोल चर पडले होते. ग्लँडने थेंब थेंब गळायलाच हवं. पूर्ण कोरडी ग्लँड बघून समाधान वाटलं तर समजा, स्लीव्ह जळतेय.

कोंडीत उतरल्यावर

मांडीएवढ्या पाण्यात उतरून पाइप चाचपत गेलो. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाइपच्या खालच्या तोंडाची झडप, चिखलात बसलेल्या म्हशीसारखा वाळूत स्वतःच केलेल्या खळग्यात निवांत बसलेला. आणि त्याला तीन पदरी मच्छरदाणी गुंडाळून वर सुतळी. पोळ्याच्या भोकांचं उत्तर इथे मिळालं. मच्छरदाणीवर शेवाळ आणि गाळ बसला, पंप पाण्यासाठी तडफडला, पोकळी झाली. वाळू मात्र शिवणीतून येतच राहिली.

दादांचा हेतू चुकीचा नव्हता. वाळू पंपाच्या आधी अडवायला हवी हे त्यांना कळलं होतं, विक्रेत्यापेक्षा जास्त. फक्त कापडाने ती अडत नाही. जिथून वाळू उचलली जाते तिथली ओढ कमी करावी लागते.

त्याच दिवशी तात्पुरता इलाज केला. मच्छरदाणी फाडून टाकली, सक्शनच्या टोकाला लवचीक होज जोडला आणि फुटव्हॉल्व्ह दोन रिकाम्या तेलाच्या कॅनला बांधून तळापासून दीड फूट वर लटकवला. हिशेब सोपा आहे: फुटव्हॉल्व्हपासूनचं अंतर दुप्पट केलं की पाण्याची ओढ चौथ्या हिश्शावर येते. तळापासून एक वीत वर आणि एक हात वर यात पंपाच्या आयुष्याचा फरक आहे. शिवाय सांगितलं, पंप एकदाच सुरू करा, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, भाग बदलायचा तो पंप चालू ठेवून. पुन्हा पाच बादल्या भरल्या, १५ चे ५ ग्रॅम झाले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण दादा म्हणाले, "एप्रिलात इथे दोन फूट पाणी असतं." दोन फुटांत दीड फूट वर लटकवलं की डोक्यावर अर्धा फूटच पाणी उरतं. मग भोवरा होऊन पंप हवा ओढणार, खाली सोडलं की वाळू. म्हणजे कॅनचा उपाय फेब्रुवारीपर्यंतचा.

पुढचा मार्ग माझ्या डोक्यातून आला असं सांगायला आवडलं असतं. काठावर चहा पीत होतो तेव्हा दादांची काकी हंडा घेऊन आली. वाहत्या पाण्याला तिने हातही लावला नाही. काठापासून चार पावलांवर वाळूत खणलेला झिरा होता, गुडघाभर खड्डा, त्यात पाझरलेलं पाणी. वाटीने हंडा भरला. मी विचारलं, "काकी, नदी सोडून खड्ड्यातलं कशाला?"

"नदीचं ढोरांचं. वाळूतनं आलेलं आपलं."

त्यातलं पाणी रिकाम्या बाटलीत घेतलं, उलटी-सुलटी करून उभी धरली. ही चाचणी कुणीही करावी. वाळूचा कण, साधारण ०.२ मिलिमीटरचा, पाण्यात सेकंदाला दोन सेंटिमीटर पडतो, त्याच्या निम्मा बारीक कण एक सेंटिमीटरहून कमी. म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटात बाटलीच्या बुडाशी जे बसतं ती पंपाची वैरीण. जे तासभर लोंबकळत राहतं तो गाळ, तो ठिबकच्या नळ्या बुजवतो, पण इम्पेलरला फारसा त्रास देत नाही. झिऱ्याच्या बाटलीत मिनिटभराने काहीच बसलं नाही. ज्या वाळूशी आम्ही भांडत होतो तीच पाणी गाळत होती. फक्त घाई न करता.

मोठा झिरा

काम ठरलं ते काकीच्या झिऱ्याची पाच एचपीची आवृत्ती. नदीच्या तळाखाली भोकांचा पाइप पुरायचा, काठावर सिमेंटच्या कड्यांची विहीर बांधायची, पाइपातलं पाणी आपल्या पायाने विहिरीत येऊ द्यायचं आणि फुटव्हॉल्व्ह विहिरीत सोडायचा. पाणी उचलायची परवानगी दादांकडे होती. तरी नदीत खणायचं आणि वाळू हलवायची म्हटल्यावर तहसीलला लेखी कळवून, होकार घेऊनच मशीन उतरवलं. वाळू गौण खनिज आहे, परत तिथेच टाकणार असलो तरी.

खरी मेख पाइपच्या कापांत. कापातून आत शिरणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर वाळू सोबत येते. ८ लिटरसाठी सगळ्या कापांचं तोंड मिळून पाव चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त लागतं. १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपला ग्राइंडरने अडीच मिलिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब काप घेतले, मीटरला शंभर. वीस फुटी दोन पाइप लागले, बाराशे काप. पोऱ्याला आणि दादांच्या मुलाला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी पोऱ्या हात हलवून दाखवत होता.

फेब्रुवारीत पाणी उतरल्यावर खणलं. ओल्या वाळूत पाच फूट खाली जाणं म्हणजे एक पाटी काढा, दीड पाटी आत येते. पाणी उपसायला मी तोच झिजलेला जुना इम्पेलर पुन्हा पंपात घातला. तसाही मेलेलाच होता, शेवटचं काम करून गेला. पाइपभोवती २० मिलिमीटरची खडी, तिच्यावर बारीक कच, तिच्यावर चाळलेली जाडी वाळू, मग नदीची वाळू जशीच्या तशी. काठावर पाच फुटी कड्यांची विहीर, तळ पाइपच्या तोंडापेक्षा दोन फूट खोल. एवढ्या रुंद विहिरीत ८ लिटरच्या उपशाने पाणी वर चढतं ते सेकंदाला साडेचार मिलिमीटरने, आणि बारीक वाळूचा कण त्याहून वेगाने खाली पडतो. म्हणजे चुकून आलेली वाळूही फुटव्हॉल्व्हपर्यंत न जाता त्या दोन फुटांत बसते. फुटव्हॉल्व्ह त्याच्या बराच वर.

पहिला आठवडा लाजिरवाणा गेला. पहिले दोन दिवस वाळू येणार हे माहीत होतं, नव्या खडीत वाळूचे थर बसायला वेळ लागतो. व्हॉल्व्ह अर्धा दाबून पाणी शेताबाहेर सोडत होतो. पण तिसऱ्या दिवशीही विहिरीच्या एका कोपऱ्यात वाळू भातासारखी रटरटत वर येत होती. पाइप कडीत शिरतो तिथला सांधा मी सिमेंटने लिंपला होता, कडी बसताना तो तडकला. चूक माझी. पुन्हा दोन दिवस खणून तिथे रबराची रिंग घातली आणि बाहेरून खडी भरली. तेव्हापासून बंद.

खर्च नव्या साडेसात एचपी पंपाच्या दुपटीच्या आसपास गेला. दादांनी दोनदा विचारलं, एवढं करायचं का? मी तीन इम्पेलर, तीन रिंगा, एक स्लीव्ह, दोनदा पंप उतरवून कल्याणला आणायचा टेम्पो आणि सुकलेल्या भेंडीचे दोन तोडे कागदावर मांडून दिले. भेंडीचा आकडा त्यांनीच वाढवून लिहिला.

मार्चमध्ये पाच बादल्यांचा तळ वाळवला तर तव्यावर डाग उठला, काटा हलला नाही. सायक्लोनला बगल दिली. वाळूच नाही तर त्याच्यात तीन-चार मीटर पाणी चढवण्याएवढा दाब का घालवायचा? जाळीचा फिल्टर ठेवला, शेवाळासाठी. जूनमध्ये पुरापूर्वी पंप काढला तेव्हा ड्रम २६ सेकंदांत भरत होता. इम्पेलर खरबरीतच होता, ओतकामाची वाळू अंगठ्याला लागत होती.

पावसाळ्याने आपला वाटा घेतला. विहिरीवरचं झाकण टिकलं, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये पंप लावला तर विहिरीतली पातळी पूर्वी दीड फूट खाली जायची ती तीन फूट जाऊ लागली. पुराने नदीच्या तळावर बोटभर गाळाची साय धरली होती. दादा आणि मुलगा दाताळं घेऊन पाण्यात उतरले, पाइपच्या वरचा पट्टा खरवडून काढला, गाळ वाहत्या पाण्याने नेला. पातळी दोन फुटांवर आली. हे दर वर्षी करावं लागणार, आणि ते मी आधी सांगायला हवं होतं.

आता वरच्या अंगाच्या शेजाऱ्याला त्याच विहिरीत आपला फुटव्हॉल्व्ह सोडायचाय. दादांना नाही म्हणवत नाही, भावकी आहे. मी मात्र नाही म्हटलं. तेवढ्याच कापांतून दोन पंपांचं पाणी म्हणजे वेग दुप्पट, आणि वाळू परत दारात. शेजाऱ्याला दोन पाइपांचं गणित लिहून दिलंय. फेब्रुवारीत पाणी उतरलं की त्याचं खणायला घेऊ. या वेळी सांध्याला रबराची रिंग आधीच.